सालईचा डिंक आणि आत्याची लाल शाई

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी युसूफ वडगावच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांविरुद्धची, तिनंच तपासून दिलेली. गठ्ठा संपवला, मगच बस धरली. घरच्यांनी त्यावरून मला झापलं. गठ्ठा अर्धवट टाकून आलो असतो, तर आत्यानं झापलं असतं.

प्रभाआत्या बीडच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. निवृत्त होऊन नेकनूरला परतली ते वर्ष दुष्काळाचं होतं. दिवाळीआधीच विहिरी आटल्या आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघालं. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाईचा गुडघा गेला की कोयता मोडला. मुकादम दुसरी जोडी बघतो. शेजारच्या रुक्मिणकाकूचा गुडघा झिजला होता. ती बाजारातली पुडी खायची. चेहरा सुजला, तर लोक म्हणाले, अंग धरलं! आत्यानं पुडी तपासायला पाठवली. स्टेरॉइड निघालं. माणसं अशी राजरोस नासवायची आणि वर त्याला झाडपाला म्हणायचं... माझा संताप आजही उतरलेला नाही.

ती पुडी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. त्यांच्याच सल्ल्यानं बायकांच्या सहकारी संस्थेनं सालईच्या झाडाच्या डिंकाच्या अर्काच्या गोळ्या आणल्या, परवाना असलेल्या कारखान्यातल्या. पत्रक मी लिहिलं. 'पहाटे उपाशीपोटी घ्यावी.' गावठी औषधावर तसंच लिहिलेलं असतं, म्हणून लिहिलं.

दोन महिन्यांनी रुक्मिणकाकू उसाच्या फडावरून आली ती लंगडतच. पाकीट आत्याच्या टेबलावर आपटलं. "बाई, ह्याच्यापरीस लाडूतला डिंक बरा! पोट तरी भरतंय. मी आपली पुडीच खाती."

"गोळी कवा घेतीस गं?"

"पहाटं, कोऱ्या चहासंगं. ह्यानंच लिवलंय की. भाकर उन्हं वर आल्यावर."

आत्या माझ्याकडे वळली. "कावून लिहिलंस रं हे? कुणाला इचारलंतं?"

मी पत्रक उचलून पुन्हा वाचलं.

सालईच्या डिंकातली आम्लं सूज वाढवणारी रसायनं तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, आवर घालतात. पण ती तेलातुपात विरघळतात. रिकाम्या पोटी घेतली तर रक्तात फार थोडी उतरतात, बाकीची वाया. "औषध नापास न्हाई बे," आत्या म्हणाली, "तू नापास."

दुसऱ्याच दिवशी तिनं मला फडावर पिटाळलं. तोडकऱ्यांच्या प्रत्येक कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर, उभं राहून सांगायचं होतं : चूक माझी, गोळी भाकरीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घेऊन खा. बायका पोट धरून हसल्या. पण ऐकलं. काही आठवड्यांनी रुक्मिणकाकूनं निरोप धाडला, "पळत न्हाई, पर बसून उठती." तिनं हंगाम पुरा केला. मी नव्या पत्रकात उत्साहानं 'गुडघा बरा' लिहिलं, ते आत्यानं खोडलं. झिजलेली गादी परत येत नाही. 'सूज आणि दुखणं कमी होऊ शकतं', एवढंच.

यंदा पुन्हा विहिरी आटल्यात आणि बाजारात पुड्याही आहेतच. आम्हीही आहोत.

संस्थेच्या खोलीत माझं पहिलं पत्रक आत्यानं भिंतीला चिकटवून ठेवलंय. 'उपाशीपोटी'वर लाल शाईची आडवी काट. ते मी काढणार नाही. परवा त्याच्याखाली उभं राहून नवं पत्रक रुक्मिणकाकूला वाचून दाखवलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "कुणाला इचारलंस का?"

"डॉक्टरांना इचारलं. आता तुला इचारतोय."

तिनं गुडघा पसरला, नीट बसली. "मग पुन्हा वाच. सावकाश."