ज्ञानकोशातला उत्तम

चाकणच्या चौकात कंपनीची बस अडकली, की बाहेर ट्रक आणि आत किस्से साचत जातात. ट्रक निदान संध्याकाळपर्यंत हलतात. आमचे किस्से मात्र वर्षभर एकाच माणसावर अडकलेत!

उत्तम सूर्यवंशी आमच्या पेंट शॉपमधला ऑपरेटर, मूळचा लातूरकडचा. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत गेला आणि चक्क जिंकून आला. डिझाइनमधल्या प्रसादला भलताच उत्साह. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही भर घालू शकतो. प्रसादने तिथे उत्तमच्या नावाचं पान तयार केलं आणि त्याला दाखवलं.

उत्तमने ते मोबाइलवर दोनदा खालीवर केलं. म्हणाला, "राव, हे असं तर मेल्यावर लिहितात ना?"

*

पानावर लगेच शेरा आला : 'व्यक्ती पुरेशी उल्लेखनीय नाही.'

उत्तम निघोज्याला भाड्याने राहतो. त्याच्या घरमालक काकांनी विचारलं, "उल्लेखनीय म्हंजी?"

प्रसाद म्हणाला, "काका, ज्याच्याबद्दल लोक बोलतात असा माणूस."

"मंग हाय की! पाण्याची मोटर चालू ठिवून ह्यो ड्युटीला जातोय. आख्खी आळी बोलती ह्याच्याबद्दल!"

*

बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. क्वालिटीच्या जोशी मॅडम म्हणाल्या, "एक कार्यक्रम जिंकला म्हणून ज्ञानकोशात? मग आमच्या सोसायटीतल्या संगीत खुर्चीचंही पान काढा!"

प्रसादने मोबाइल पुढे केला. "हा क्रिकेटर बघा, मॅडम. एकच मॅच खेळला, शून्यावर आऊट. याचं पान आहे!"

ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "शून्य पण जगासमोर काढावं लागतं, भावा. घरच्या घरी आमी लई काढलीत!"

मी दोघांनाही मान डोलावली. कोण बरोबर, ते मला अजून कळलेलं नाही.

*

पान टिकवायचं तर छापील बातमी हवी. ती होती. फोटोत आमचे मॅनेजर उत्तमला पुष्पगुच्छ देत होते. फक्त खाली छापलं होतं, 'विजेते उजवीकडे.' उजवीकडे मॅनेजर!

प्रसाद म्हणाला, "साहेब, पेपरला दुरुस्ती छापायला सांगतो."

साहेब घुटमळले. "थांब जरा. सासूबाईंनी रविवारी जेवायला बोलावलंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच!"

*

शेवटी पान उडालंच. कुणीतरी गावी फोनवर सांगितलं, "उत्तमला काढून टाकलं." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील एसटीने थेट कंपनीच्या गेटवर! पांढरं धोतर, काखेत पिशवी. साहेबांपुढे हात जोडून उभे. "माज्या लेकराचं काय चुकलं असंल तर पोटात घाला."

उत्तम शॉपमधून धावत आला. प्रसादने समजावलं, "बापू, कंपनीतून नाही हो, ज्ञानकोशातून काढलंय."

बापूंनी डोळे पुसले आणि पोराकडे रागाने बघितलं. "तिथं कवा लागला होतास? मला न्हाई सांगितलंस!"

*

बापू गावी गेले आणि प्रसादने ज्ञानकोशात पान परत आणण्यासाठी चर्चा लावली. आम्ही सगळ्यांनी 'परत आणा' म्हणून लिहिलं. विरोधात एकच माणूस, तोही बिननावाचा. पण त्याने असं लिहिलं, की तिथले जाणकार त्याच्याच बाजूने गेले. पान कायमचं बंद!

प्रसादने ते कँटीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. 'या व्यक्तीला शेवटचं उत्तर येत नव्हतं. जे नाव कानाला बरं वाटलं, ते त्याने सांगून टाकलं. कृपया पान परत आणू नये.'

"याला काय माहीत उत्तमच्या मनात काय होतं?" प्रसाद तापला होता. "कोण आहे हा? मी शोधून काढणार!"

उत्तमने चपातीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

"प्रसाद, त्यातलं 'कृपया' बरोबर आलंय का रे? मोबाइलवर तो 'कृ' मला लवकर सापडत न्हाई."