नाव नसलेल्या गोळ्या

"इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, आणि आम्ही देतोय ते औषध त्यावर चालत नाहीये," डॉक्टरीणबाई माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून म्हणाल्या.

याला पायलोनेफ्रायटिस म्हणतात. लघवीच्या मार्गात शिरलेले जंतू वर चढत मूत्रपिंडात जाऊन बसतात. न्यूझीलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना मला हुडहुडी भरली, तिथून थेट हॉस्पिटल. दोन दिवस झाले तरी ताप साडेएकोणचाळीसच्या खाली येईना, म्हणजे आपल्या हिशेबात एकशे तीन. उजवी कूस ठणकत होती.

मग बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. गेल्या वर्षभरात कुठली अँटिबायोटिक्स घेतलीस का? भरती होताना मी ठणकावून 'नाही' म्हटलं होतं. माझ्या इथल्या रेकॉर्डवर एकही गोळी नव्हती, त्यामुळे ते खपून गेलं. खरी गोष्ट अशी की मला लाज वाटली होती.

मी मेडिकलवाल्याची मुलगी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, औषधांचं दुकान आहे आणि अर्धा गाव त्यांनाच डॉक्टर म्हणतो. प्रत्येक भारतवारीत ते मला बिस्किटांचा डबा भरून गोळ्या देत. न्यूझीलंडचे डॉक्टर पॅनाडॉल, म्हणजे साधं पॅरासिटामॉल, आणि 'भरपूर पाणी पी' याशिवाय काही देत नाहीत, ही आम्हा फ्लॅट बुश उपनगरातल्या मराठी मंडळींची कायमची कुरकूर. कुणाचा घसा धरला की आधी मला फोन. मी डबा उघडायचे आणि मिरवायचे, खोटं कशाला बोलू?

२०१६च्या फेब्रुवारीत लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. एवढं कोण थांबतंय म्हणून डब्यातल्या गोळ्या घेतल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, बंद केल्या. एप्रिलमध्ये परत तेच. मेच्या शेवटी परत तेच. कोर्स अर्धवट सोडू नये हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. काउंटरमागे वाढलेय मी.

"घेतल्यात," मी म्हटलं. "तीनदा."

बाई रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "कुठल्या, ते आत्ता शोध. कल्चरचा रिपोर्ट उद्या येईल, पण तुझ्या किडनीसाठी मला उद्यापर्यंत थांबायचं नाही." युरिन कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध त्यांना मारतं ते बघायची तपासणी.

माझा नवरा अभय घरून डबा घेऊन आला. आत सगळे तुकडे. गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागतं, म्हणून अण्णा कात्रीने स्ट्रिप कापून देतात, आणि उरलेले तुकडे माझ्या डब्यात. औषधाचं नाव कापलेल्या भागावर कुणाच्या तरी घरी गेलेलं. एका तुकड्यावर नुसतं '२००', दुसऱ्यावर फक्त लाल रेघ. चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं सांगणारी ती रेघ. हॉस्पिटलच्या फार्मासिस्टने तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली.

शेवटी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळचे साडेआठ, ते दुकान उघडत होते. मी भरती आहे हे त्यांच्यापासून लपवलं होतं. सलाईन दिसल्यावर त्यांनी दार अर्धवट उघडं ठेवून सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, तुकडा कॅमेऱ्याजवळ धर. नुसत्या चंदेरी कागदावरून त्यांनी सांगितलं, हे सेफिक्झिम, ते ऑफ्लोक्सॅसिन.

"किती दिवस घेतल्यास?"

"दोन-दोन."

"मी पाच सांगितले होते."

"गावाला तुम्ही दोनच गोळ्या देता, अण्णा."

असं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. ते चिडले. आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, बस कधी आली तर आली. पोर तापलंय म्हणून बाई दारात उभी राहिली तर तिला काय नियम वाचून दाखवू? मी दोन्ही नावं कागदावर लिहून बाईंना दिली.

या दोन्हींना न जुमानणारे जंतू असणार असं धरून त्यांनी त्याच संध्याकाळी औषध बदललं. दुसऱ्या दिवशी कल्चरने तेच सांगितलं: ईएसबीएल, म्हणजे पुष्कळशा अँटिबायोटिक्सना तोडून टाकणारं रसायन बनवणारे जंतू. डब्यातल्या दोन्ही गोळ्या त्यांच्यापुढे निकामी होत्या. ते माझ्यामुळेच तयार झाले, असं बाई म्हणाल्या नाहीत; अर्धवट कोर्सने अशांना रान मोकळं मिळतं, एवढंच म्हणाल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी अभयने आणलेला दहीभात बोटं चाटून खाल्ला.

पुढचे दहा दिवस एक नर्स रोज घरी येऊन हाताच्या नळीतून इंजेक्शन द्यायची. दारातूनच 'किया ओरा', म्हणजे माओरी नमस्कार, बूट बाहेर, तिसऱ्या दिवसापासून आपला चहा. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. पण ती गेली की वाटायचं, आमच्या गावात असं रोज दार वाजवणारं कोण आहे?

तुमच्याकडेही असा डबा असेल तर माझं ऐका. डॉक्टरांनी विचारलं की लाज गुंडाळून ठेवा आणि सांगा. नाव माहीत नसलेली गोळी तोंडात टाकू नका.

अण्णा महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. मग एकदा अभयकडून कळलं, त्यांनी दूध संकलनाच्या गाडीवाल्याला गाठलंय. गाडी रोज सकाळी आरोग्य केंद्रावरून जाते. चिठ्ठी लागेल अशा पेशंटला अण्णा तिच्यात बसवून देतात. काहीजण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जे ऐकतात त्यांना अण्णा माझी हकीकत सांगतात.

"सगळी सांगता? लघवीचंसुद्धा?" मी फोनवर ओरडलेच.

"त्याशिवाय कोण ऐकतंय, पोरी?"

डिसेंबरमध्ये गावी गेले. बसमधून उतरते न उतरते तोच रस्त्यापलीकडून सरपंचांच्या सासूबाईंनी हाक मारली, "काय गं, आता लघवीला जळजळ नाही ना?" थांब्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मीही तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "नाही हो मावशी. पूर्ण कोर्स केला."