सर्व्हिस चार्ज आणि सोयरीक

नातवंडांनो, हॉटेलात वाढणाऱ्याला किती द्यायचं ते तिकडे तुमच्याकडे बिलावरच छापून येतं, असं तुम्ही मागे सांगितलं होतं. आमच्याकडे टिप ही बडीशेपेच्या वाटीत ठेवायची गोष्ट. उरलेल्या पैशांतली एखादी नोट तिथे राहू द्यायची आणि उठायचं. मात्र पाहुणा बिल देत असेल, तर त्या वाटीकडे आपण बघायचंही नाही. आपण नोट ठेवली, तर पाहुण्याने कमी ठेवली असा अर्थ होतो. हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

तुमची आतेबहीण मंचरच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि आमच्याकडे पेठला राहते. तिला एक स्थळ आलं होतं, पिंपरी पेंढारचं. माणसं चांगली, मुलगा इंजिनिअर. पहिली भेट आजकाल घरी नको म्हणतात, म्हणून मंचरजवळ हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात ठरली. तिची आई, म्हणजे तुमची आत्या, बडोद्याला असल्यामुळे आमच्या बाजूने आजोबा, मी आणि ती. त्यांच्याकडून मुलगा आणि त्याचे आईवडील.

जेवण छान झालं. मला खरी काळजी होती ती बिलाची. आजोबा कुठलंही बिल वाचल्याशिवाय सोडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. बिल आलं आणि मुलाच्या वडिलांनी ते झडप घालून घेतलं. "पोरीकडच्यांनी खर्च करायचे दिवस गेले, राव," म्हणाले. न वाचता नोटा ठेवल्या आणि वर एक नोट बडीशेपेच्या वाटीत टाकली. आजोबांनी चष्मा चढवला. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि ते गप्प बसले. सुटले, असं मला वाटलं.

तेवढ्यात टेबलावरच्या बिलावर नजर टाकून आमचीच नात म्हणाली, "काका, बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय. तो द्यायची सक्ती नसते. काढायला सांगा, आणि द्यायचं ते या वाढणाऱ्या दादांच्या हातात द्या."

पहिल्या भेटीत, होणाऱ्या सासऱ्याच्या बिलात तोंड घालायचं?

"म्हंजी आपुन दोनदा टिप देतोय व्हय?" त्यांनी बिल लांब धरून पाहिलं.

"जाऊ द्या हो," मुलाची आई हळूच म्हणाली. "पावण्यांम्होरं कशाला घासाघीस?"

पण त्यांनी मॅनेजरला बोलावलंच. तो म्हणाला, "आमी न्हाई लावत, साहेब. सिस्टीमच लावती."

"मग सिस्टीमनंच पैसं भरावं की! जेवलो आमी, आन् पोट सिस्टीमचं भरलं व्हय?"

आजोबा खो खो हसले. मला हसू येईना. नवीन बिल छापून येईपर्यंत मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या पाण्याचा ग्लास उगाच फिरवत होत्या. मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत होता.

गाडीत मी तिला बोलले. "तुला दोन मिनिटं थांबता आलं नसतं?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढचे दिवस माझे फोनकडे बघण्यात गेले. दूध उतू गेलं, भाजीत मीठ दोनदा पडलं. आत्या रोज विचारायची, काय झालं? हॉटेलातला प्रकार मी तिला सांगितला नव्हता.

अखेर मुलाच्या आईचाच फोन आला. "मुलगी पसंत हाये बरं का. फकस्त आमच्यात बाया बिलाकडं बघत न्हाईत. व्हईल सवय हळूहळू."

मला इतकं हलकं वाटलं की शेवटची दोन वाक्यं माझ्या कानांवरून तशीच गेली. मी लगेच तिला आनंदाने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तिने स्वतः त्याला फोन लावला आणि गच्चीवर गेली. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले, पण काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने ती खाली आली.

"तो म्हणाला, तू बरोबरच बोललीस. पण आई होती ना समोर."

"मग?"

"मग काय, आजी? आई रोजच समोर असणार."

सबंध रात्र विचार केला. चांगलं घर, शिकलेला मुलगा, आणि एका बिलावरून सगळं मोडायचं? सकाळी आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला नको असेल तर नको."

मी त्या बाईंना फोन लावला. पत्रिका जमत नाही म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आजोबा समोरून मान हलवत होते, खोटं बोलू नकोस म्हणून. पलीकडून आनंदी आवाज आला, "बोला, कधी येऊ लग्नाची यादी करायला?"

मी म्हणाले, "ताई, नाही जमणार. मुलीचं मन नाही."

"त्या बिलावरनं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "ताई, बिल वाचायची सवय तिला माझ्यामुळे लागलीय, ती काही सुटायची नाही."