नाव घेऊन म्हणायचं गाणं

नांदेडला जाणाऱ्या एसटीत ती आजी भोकरला चढली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या पलीकडे नात बसल्या बसल्या झोपली. लातूरच्या क्लासेसची पोरं अशीच, टेकायला जागा मिळाली की झोपतात. नातीला सरकारी मेडिकलची राखीव जागा मिळत होती. पण कायद्यानं आधी जमात खरी असल्याचं सिद्ध करायचं होतं. पडताळणी समितीतले साहेब देव, रीती, गाणी सगळं विचारतात, म्हणून आजी सोबत निघाली होती.

बाहेर कापसाची शेतं सावकाश मागं सरकत होती. आजी मांडीवर बोटांनी ताल धरून गुणगुणायची आणि मध्येच थांबायची.

"विसरलात का, माय?" मी विचारलं.

"न्हाई. लग्नाचं म्हणते की. पर मयताचं म्हण म्हनले तर? त्यात मेलेल्याचं नाव घ्यावं लागतंय, अन् एकदा म्हनलेलं नाव परत घेत न्हाईत. घरातली समदी तर जिती हायेत."

"मग?"

तिनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. "माझंच नाव घेते. लेकरू डाक्टर व्हायलंय."

म्हातारीला जिवंतपणी स्वतःसाठी रडायला लावणाऱ्या त्या चौकशीचा मला संताप आला. ती मात्र शांत होती. डोळे मिटून तिनं दुसरीच, संथ चाल धरली. बस डुलत होती, तिच्या लुगड्यावर ऊन डुलत होतं. तिचं नाव मला आजही माहीत नाही. ते गाण्यात येणार असं वाटलं, तशी मी खिडकीची काच सरकवली आणि वाऱ्याचा आवाज आत घेतला.