पचमढीचा रस्ता आणि मागचे दोन शॉकअप

पचमढीला मोटरसायकलनेच जायचं आणि बायकोला, कुसुमला, मागे बसवूनच न्यायचं, हे मी अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी ठरवून टाकलं. तिची अट एकच होती. "पचमढीपर्यंत माही कंबर धरली, त परत आल्यावर गाडी विकाची." नुकत्याच गाडीवरून झालेल्या आमच्या गावच्या, खाप्याच्या फेरीनंतर ती आठवडाभर वाकून चालत होती, त्यामुळे अट रास्तच होती. पण त्या जुन्या गाडीत माझा जीव अडकलेला. तरी मी हो म्हटलं.

नागपुरात लकडगंजच्या सलीम मिस्त्रीने मागचे दोन्ही शॉकअप खोलून, तेल बदलून दिले आणि बजावलं, "भाऊ, स्प्रिंगच्या आतली चमकती दांडी सुक्या फडक्यानं पुसाची, बस. तिले वंगण नाही लावाचं. धूळ चिकटते."

निघायच्या आदल्या दिवशी बाबा खाप्याहून आले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बैलबंडीच्या आसाले वंगण देल्याशिवाय आपण गावाबाहेर निघतो का गा? मंग याले काहून नाही?"

मला पटलं. शेतकऱ्याच्या पोराला कोरडं लोखंड बघवत नाही. आम्ही बापलेकांनी एरंडेल आणि काजळीचं वंगण कोंबडीच्या पिसाने दोन्ही दांड्यांना चांगलं चोपडलं. कुसुम आत दशम्या करत होती.

पहिला दिवस. सावनेरला तर्रीपोहे खाल्ले, सौंसरच्या अलीकडे बागेतून संत्री घेतली. तुम्ही जाणार असाल तर ती तिथेच घ्या, पुढे तशी मिळत नाहीत. मग रस्त्याचं काम सुरू झालं आणि मुरमाच्या धुळीत आम्ही दोघंही लाल झालो. सिल्लेवानीच्या घाटात गाडी मागून दबेनाच. प्रत्येक दगड थेट कमरेला लागत होता.

"थांबा. उतरते मी," कुसुम म्हणाली आणि कंबर धरून चालू लागली.

"सलीमनं काम बिघडवलं," मी म्हणालो. खोटं बोलताना स्वतःचीच लाज वाटली, पण गाडी जायची भीती त्याहून मोठी होती.

घाट संपल्यावर चहाची टपरी होती. चहावाल्याकडून वाटीभर रॉकेल मागितलं. परत फिरायचं नाही, दांड्या इथेच साफ करायच्या, असं मनाशी पक्कं केलं. पण स्प्रिंगच्या वेढ्यांतून माझी जाड बोटं जाईनात. कुसुमने फडकं ओढून घेतलं. तिची बोटं सहज आत गेली. काळा, रेताड चिखल बाहेर आला. तिने बोट नाकाशी नेलं.

"हे त एरंडेल होय. मिस्त्री कधीपासून एरंडेल लावून राहिला?"

मी सगळं सांगून टाकलं. तिने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं. रॉकेलने पुसलं, सुक्या फडक्याने पुसलं, दोन्ही दांड्या आरशासारख्या होईपर्यंत पुसतच राहिली. मग मागे बसली. "चला. हळू."

गाडी पुन्हा दबू लागली. छिंदवाड्याला धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तामियाच्या दरीपाशी दशम्या खाल्ल्या आणि उजेड असतानाच पचमढीला पोहोचलो. तिथले धबधबे पाहिले, पण खरं सांगतो, माझं लक्ष तिच्या चालण्याकडे होतं.

नागपूरला परतल्यावर अंगणात गाडी लावली आणि मीच विषय काढला. "कंबर?"

"दुखली. गाडीनं नाही, तुमच्या खोट्यानं घाट चढून दुखली."

"मंग विकाची?"

"पहिले सलीमभाईकडे जाऊन खरं सांगा. मंग पाहू."

मी खाली मान घालून किक मारली. गाडी जड का झाली म्हणून मागे वळून पाहिलं, तर कुसुम सुकं फडकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली होती.