चौतीस भोकं

संस्थेच्या तळघरात शेवटच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. आत देव नाही. धूळ नको, म्हणून. दारावर हातानं लिहिलेला कागद आहे: 'लिफ्ट वापरू नका, चित्र हलतं.' आत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे आणि त्याच्यासमोर गेली बावीस वर्षं ताई आहेत.

ताईंचं शिक्षण म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर सहा आठवडे राहिला. तो बटणं फिरवायचा, ताई वहीत उतरवून घ्यायच्या. तो गेला, वही राहिली. केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक भाग, हे या खोलीतलं रोजचं माप.

तीन वर्षांपूर्वी संस्थेनं अशा अतिसूक्ष्म रचनेच्या पदार्थांवर एकत्र पीएच.डी. सुरू केली. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंजिनिअरिंग, सगळीकडची मुलं एका वर्गात. प्रत्येकाला दोन गाईड, दोन वेगळ्या विषयांचे. आणि प्रत्येकानं तीन आठवडे ताईंकडे शिकायचं. शेवटी प्रशिक्षणाच्या वहीत कोणा प्राध्यापकाची सही व्हायची. त्याशिवाय यंत्राला हात लावायला मनाई. ही सही ताईंनीच का करू नये, असा विषय गेल्या वर्षी समितीपुढे आला.

विरोध केला तो दशांश सरांनी. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक दशांश चिन्हापुढे तीन आकडे असल्याशिवाय कुठलीच संख्या मानत नाहीत, म्हणून हे नाव. "उद्या डिप्लोमावाले पीएच.डी.वाल्यांना पास-नापास करणार का?" असं ते बैठकीत म्हणाले. एका मताच्या फरकानं ताईंना सही मिळाली, तीही वर्षभरापुरती. वर्षाअखेर फेरविचार. त्या ठरावाची प्रत ताईंनी ड्रॉवरमध्ये जुन्या फ्यूजखाली ठेवली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं लागली एका सहीला? तेवढ्यात मी सुनेला सरळ केलं."

"कुठे झाले सरळ?" ताई म्हणाल्या.

"काम अपुरं आहे, म्हणून तर अजून जिवंत आहे."

फेरविचाराला महिना उरला होता. रसायनशास्त्रातून आलेली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी औषध साठवणारे मऊ कण बनवत होती. कणांना भोकं असतील तर औषध त्यांत बसेल आणि हळूहळू बाहेर येईल, अशी कल्पना. फोटोत भोकं दिसली. हे कण फार नाजूक, म्हणून फोटो स्वतः ताईंनी काढले होते. रसायनवाल्या गाईडनी पाठ थोपटली, भौतिकवाल्यांनीही थोपटली. निबंध सोमवारी नियतकालिकाकडे जायचा होता.

शुक्रवारी दुपारी ताई डिस्क साफ करत होत्या. एकाच कणाचे चार फोटो त्यांनी ओळीनं उघडले. पहिला यंत्रातला इलेक्ट्रॉनचा झोत मंद ठेवून काढलेला, नुसती जागा शोधण्यापुरता; तो कोणी बघत नाही. त्यात कण गुळगुळीत होता. दुसऱ्यात अकरा भोकं, तिसऱ्यात एकोणीस, चौथ्यात चौतीस. चारही फोटो सहा मिनिटांत काढलेले. ताईंनी दोनदा मोजलं.

भोकं कणाला नव्हतीच. ती ताईंच्या झोतानं पाडली होती. चित्र स्पष्ट यावं म्हणून त्यांनी झोत वाढवला आणि मऊ पदार्थ जळत गेला.

डिस्क साफ करण्याचाच दिवस होता. पहिला फोटो पुसला असता तर कोणी विचारलं नसतं.

ताईंनी फोन उचलून मुलीला बोलावलं.

"बस. हे चार फोटो बघ. काही बोलू नकोस, फक्त मोज."

मुलीनं मोजलं. तिचं बोट पडद्यावरच राहिलं. "म्हणजे भोकं..."

"मी पाडली. तुझा पदार्थ भरीव आहे."

"पण दोन्ही सर बघून गेले होते, ताई!"

"रसायनवाल्यांना वाटलं, झोताचं भौतिकवाले बघतील. भौतिकवाल्यांना वाटलं, पदार्थाचं रसायनवाले बघतील. आणि दोघांना वाटलं, ताई आहेत."

"माझे सात महिने गेले हो."

"गेले," ताई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमत नाही. "सोमवारी निबंध गेला असता तर आणखी गेले असते. चहा घेणार?"

"नको." मग थोड्या वेळानं, "घेते."

ती गेल्यावर ताईंनी यंत्राच्या नोंदवहीत लिहिलं: 'नमुना झोताने जळला. भोकं खरी नाहीत. चूक माझी.' खाली तारीख आणि सही. एक प्रत दोन्ही गाईडना, एक समितीला.

समितीची फेरविचाराची बैठक वीस मिनिटं चालली. दशांश सरांनी ती नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. "हेच मी म्हणत होतो," ते म्हणाले. पहिला फोटो ताईंखेरीज कोणी तपासला होता का, असं अध्यक्षांनी विचारलं. शेवटी मधला मार्ग निघाला: ताईंची सही राहील, पण एकटी नाही. शेजारी एका प्राध्यापकाची सही हवी. ते काम दशांश सरांकडे आलं. मागितलं त्यांनीच होतं.

अडचण निघाली ती मसुदा लिहिताना. वहीवर सही करणाऱ्यानं स्वतः यंत्रावरचे ते तीन आठवडे पूर्ण केलेले असावेत, अशी अट गेल्या वर्षीच्या ठरावातच होती. ती दशांश सरांनीच घातली होती, ताईंना अडवण्यासाठी. पण ताई बावीस वर्षं तेच करत होत्या; अटीत अडकले ते सरच.

पुढच्या सोमवारी सर चपला काढून आत आले. हातात प्रशिक्षणाची कोरी वही होती. ताईंनी त्यांना त्या मुलीचाच उरलेला नमुना दिला.

"चित्र अंधूक आहे," सर म्हणाले.

"मग काय कराल?"

सरांनी झोत वाढवला. चित्र स्वच्छ झालं.

"भोकं मोजा," ताई म्हणाल्या.

"सात."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोन मिनिटं जाऊ दिली. "आता?"

सर पुढे वाकले. "तेरा."

"दशांशात हवं का, सर?"

"नको," ते म्हणाले. "पहिला फोटो कसा काढायचा, ते परत दाखवा."

ताईंनी दाखवलं. सर निघाले तेव्हा त्यांच्या वहीत पहिल्या दिवसाची नोंद केली: 'नमुना जाळला.' सरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि खाली सही केली.