ओगुनरिंदेबाबांची खोटी टोपली

आमच्या शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत ओगुनरिंदेबाबा सव्वीस वर्षं मदतनीस होते, आणि त्यातली चौदा मी त्यांच्याशी भांडण्यात घालवली. कारणं फुटकळच असायची. मला काचपट्ट्या कोरड्या लागत, त्यांना पोरं टेबलावर बसलेली खपत नसत. "मॅडम, टेबल म्हणजे काय पलंग आहे का?" हे ते पोरांना नाही, मला विचारायचे. नायजेरियातलं आमचं सगळं इलेशा गाव त्यांना बाबा म्हणायचं. मीही म्हणायचे, फक्त जरा चढ्या आवाजात.

आता बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं काय असतं, तर परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी मुख्याध्यापिकेच्या हातात एक बंद लिफाफा येतो. आत यादी असते, टेबलावर काय काय मांडायचं त्याची. अ म्हणजे हे, ब म्हणजे ते. प्रश्न नसतात, पण नुसती यादी फुटली तरी पोरांचं निम्मं काम होतं. मासा आहे म्हटलं की कल्ले पाठ करा, जास्वंद आहे म्हटलं की पुंकेसर. त्यामुळे ते चार दिवस पोरांचं लक्ष पुस्तकात नसतं, बाबांच्या टोपलीत असतं. बाजारातल्या बायकाही काही कमी नाहीत. प्रत्येकीचा कुणी ना कुणी भाचा परीक्षेला बसलेला. बाबांनी काय घेतलं हे तासाभरात गावभर व्हायचं.

यावर तोड काढली ती बाबांच्या बायकोनं, आबेनीबाईंनी. त्यांचा बाजारात मिरच्यांचा गाळा होता. खऱ्या वस्तू त्या थोड्या थोड्या करून, चार जणींकडून घ्यायच्या आणि मिरच्यांच्या पोत्यात तळाशी घालून मागच्या दाराने शाळेत पोचवायच्या. बाबा मात्र भर रस्त्याने, डोक्यावर टोपली घेऊन, छाती काढून यायचे. टोपलीत अननस, नारळ, केळफूल, मोठाल्या गोगलगायी. सगळं खोटं! आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ओझं दिसलं की पोरानं धावत जाऊन ते उतरवून घ्यायचं, नाही घेतलं तर आईबापांचा उद्धार होतो. पोरं इतकी सभ्य वर्षभर कधी नसायची. आठ-आठ जण टोपलीला हात लावायला पळायचे. एका वर्षी अख्ख्या वर्गानं दोन दिवस गोगलगाय घोकली आणि परीक्षेला निघालं झुरळ. मी पर्यवेक्षक होते. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

परीक्षा संपली की ती खोटी टोपली आबेनीबाईंच्या पातेल्यात जायची आणि दुपारी शिक्षकांच्या खोलीत रस्सा यायचा, सोबत याम, म्हणजे कंद उकडून कुटलेला गोळा. मी बाबांशी कितीही भांडले तरी गोगलगायीच्या रश्शाला कधी नाही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत आबेनीबाई गेल्या. मंगळवारी डोकं दुखतंय म्हणाल्या, गुरुवारी संपलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी एका रंगाचं कापड घेऊन कपडे शिवले, दफनाला गेलो, जेवलो, नाचलो, आणि सोमवारी आपापल्या वर्गावर हजर झालो. त्यांचा मुलगा लागोसहून आला होता, तो आठ दिवसांनी परत गेला. तिसऱ्या आठवड्यात बाबाही कामावर आले.

आले ते वेगळेच. रडले नाहीत, चिडले नाहीत, हसले नाहीत. सांगितलं ते करायचे. पोरं टेबलावर बसू लागली, बाबा बाजूने झाडून घ्यायचे. एकदा मी मुद्दाम टेबलावर चढून बसले. म्हटलं, "बाबा, पलंगावर बसलेय हो!"

ते म्हणाले, "बसा, मॅडम."

मला राग आला. खरं सांगते, वाईट वाटलं नाही, रागच आला. इतक्या वर्षांचं भांडण हा माणूस एकट्यानं मिटवून मोकळा झाला होता. मी उतरले आणि माझ्या कामाला लागले. दोन-तीन महिने मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही, याची मला आज लाज वाटते.

मे महिन्यात लिफाफा आला. परीक्षा गुरुवारी होती, बाबांनी सोमवारी बाजार केला. मंगळवारी मी उजळणी घेत होते. कोलापो नावाचं एक ध्यान आहे, वर्षभरात त्यानं एकच प्रश्न विचारलेला, "मॅडम, आज लवकर सोडणार का?" तो उभा राहिला.

"मॅडम, आलं जमिनीखाली वाढतं तरी त्याला खोड का म्हणतात?"

मी कौतुकानं उत्तर दिलं. मग मागून एकीनं पिसाच्या दांड्याबद्दल विचारलं. तिसऱ्याला भेंडीचा आडवा छेद हवा होता. चौथ्यानं माशाच्या अंगावरच्या रेषेचं नाव विचारलं, तेव्हा मी खडू खाली ठेवला. मासा, भेंडी, आलं, पीस. यादीत हेच होतं. एवढंच होतं.

मी कोलापोचा कान धरला. "कुणी सांगितलं रे?"

"कुणी नाही मॅडम, आईशप्पथ! बाबा काल गेटातून आले, डोक्यावर परात होती. आम्ही ती उतरवून घेतली. ओझं घ्यायचं नाही का मग?"

"आणि आत डोकावलात."

"डोकवायचं काय त्यात? उघडीच होती. माशांच्या शेपट्या माझ्या तोंडावर आल्या."

"अजून काय होतं?"

"काही नाही, चारच वस्तू. आम्ही वाट बघत होतो अननस कुठाय, अननस कुठाय."

दुपारपर्यंत बोभाटा झाला. आमच्या मुख्याध्यापिका आकिनबियीबाई कागदाच्या माणूस आहेत. त्यांनी बाबांना कारणे दाखवा नोटीस काढली. यादी कुणाला दिली, कशाच्या बदल्यात दिली, चोवीस तासांत लेखी खुलासा करा, खुलासा पटला नाही तर नोकरीवरून काढण्यात येईल.

मी तावातावानं त्यांच्या खोलीत गेले. "बाई, हा माणूस पैसे खाईल? बाबा?"

"मला तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या बोर्डानं विचारलं तर काय सांगू, मला वाटत नाही म्हणून? केंद्र रद्द झालं तर त्रेसष्ट पोरांचं वर्ष जाईल. मला कागद द्या. कागदावर काहीतरी धड दिसू दे, मी त्यांना वाचवते. नाही दिसलं, तर माझे हात बांधलेले आहेत."

त्यांचं चूक नव्हतं.

बाबा बेसिनपाशी उभे होते. नोटीस घडी घालून वरच्या खिशात ठेवलेली.

"वाचलीत?"

"हो."

"मग?"

"फ्रिजमध्ये जागा कमी पडतेय. खालचा कप्पा मोकळा करतो."

"बाबा, नोकरी जाईल तुमची! कळतंय का?"

"कळतंय, मॅडम," ते म्हणाले आणि कप्पा काढायला खाली वाकले.

शाळा सुटल्यावर मी कागद-पेन घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातच मिरच्यांची रिकामी पोती रचलेली होती, फेब्रुवारीपासून तशीच. बाबा पाटावर बसून गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, नुसत्या थंड पाण्यात कालवून खात होते. साखर नाही, शेंगदाणे नाहीत, चूल पेटल्याची खूण नाही. त्यांनी उठून मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा खाली बसले.

"मी लिहिते," मी म्हटलं. "ताप होता, डोकं ठिकाणावर नव्हतं."

"ताप नव्हता."

"अहो, लिहायला काय जातंय? बरं, मग काय लिहू?"

"तुम्हाला हवं ते. मी सही करतो."

"त्यांनी विचारलंय, बदल्यात काय घेतलं."

"लिहा."

"काय लिहा? घेतलं म्हणून लिहू?"

"जे बरं दिसेल ते, मॅडम."

माझं टाळकं सटकलं. मी पेन आपटलं. "अहो बाबा, माणूस आहात की ओंडका! सव्वीस वर्षं एका पोराला पत्ता लागू दिला नाहीत तुम्ही! आणि यंदा साधे चार अननस घ्यायचं विसरलात? आबेनीबाई असत्या तर..."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी वाटी खाली ठेवली.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "अननसवालीसमोर मी उभा होतो. बराच वेळ. तिनं दोन निवडूनही ठेवले होते. गोगलगायवालीनं हाक मारली, तिकडेही गेलो. मग म्हटलं, हे सगळं घरी न्यायचं. आणि खाणार कोण?"

मी आपटलेलं पेन उचललं.

"टाकून द्यायचं का? आबेनीनं एक देठ वाया घालवला नाही कधी. मग नाही घेतलं. परीक्षेचं तेवढं घेतलं, परातीत भरलं आणि आलो. पोरं बघतील हे माहीत होतं, मॅडम. पण बघतील तर बघू देत, असं झालं. काही वाटलंच नाही."

हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. डोळे कोरडे. रडू मला आलं, आणि चांगलं हमसून आलं. बाबा उठले, माझ्यासाठी आणखी एक पेला पाणी घेऊन आले. मी नाक पुसलं आणि ते बोलले ते शब्दन् शब्द लिहून काढलं. ताप नाही, काही नाही. त्यांनी वाचून न बघता खाली सही केली.

बुधवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी आणि भूगोलाच्या दोन शिक्षिका बाजारात गेलो. ऊस, नारळ, केळफूल, गोगलगायी, एक चिडलेला बेडूक, असं जे दिसेल ते घेतलं आणि वाजतगाजत गेटातून आणलं. बाजारातल्या बायकांना मी सांगून टाकलं, "परवाचं ते बाबांच्या घरच्यासाठी होतं गं, लिफाफा आज उघडलाय." चौदा वर्षांत असं खोटं माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं आणि छान निघालं. दहा वाजता कोलापो रडकुंडीला येऊन विचारत होता, "मॅडम, बेडकाला बोटं किती?" गोंधळ तर उडवला. पण बाबांचा कागद अजून बाईंच्या टेबलावर होता.

अकरा वाजता आम्हा दोघांना बोलावणं आलं. आकिनबियीबाईंनी चष्मा लावला, खुलासा वाचला. मग पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा फार वेळ लागला. बाबा हात मागे बांधून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा निकाल आहे. बाईंनी पेन उचललं आणि कोपऱ्यात लिहिलं, खुलासा मान्य. शिक्का मारला. फाईल मिटली.

माझा जीव भांड्यात पडला. बाबा म्हणाले, "बरं, मॅडम."

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. मी त्यांना इतकं मऊ बोलताना कधी ऐकलेलं नाही. "बाबा, आमचंच चुकलं. तुम्हाला आम्ही तीन आठवड्यांत कामावर घेतलं. उद्याची परीक्षा एवढी पार पाडा, मग महिनाभर घरी राहा. पगारी रजा. मी आत्ताच मंजूर करते. चांगला आराम करा."

आणि बाबांचा चेहरा बदलला. नोटीस हातात देताना हलला नव्हता, काल घरी हलला नव्हता, तो चेहरा पार उतरला. त्यांनी टेबलाची कड धरली.

"रजा नको, मॅडम."

"अहो, ही शिक्षा नाही. तुमच्या भल्यासाठी..."

"शनिवारीही येतो मी. सुट्टीतही येतो. टेबलं पुसतो, बाटल्या घासतो, मॅडमशी भांडतो पूर्वीसारखा," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "रोज चार वाजता घरी जावं लागतं, तेवढंच फार होतं. दिवसभर नका पाठवू तिकडे."